लाडलेसाहेबांच्या नावाचा तंबोरा

आमच्या अब्बांना तुटलेली वस्तू कुणाच्या हातात देता येत नाही. घरात कपाचा कान तुटला तर ते आधी तो चिकटवतात आणि मग कप तुटला होता असं अम्मीला सांगतात. मिरजेत तंबोरे-सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत आमचं दुकान आहे, तिथं हा गुण म्हणून खपून जातो. घरात तो ताप आहे. लग्नानंतर आपल्याला एकही वस्तू मनासारखी फेकून देता आलेली नाही, असं अम्मी म्हणते.

ही सवय मला जन्मापासून ठाऊक होती. तरी तिनं मला गाठलंच, आणि तेही दिल्लीत, माझ्या यंत्रासमोर.

मी अर्फा, दिलावर तंबोरेवाल्यांची थोरली मुलगी. दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेत मी जुन्या वस्तूंचं वय काढते. वस्तूचा एक कण जाळायचा, त्याच्या वायूपासून काजळीसारखं काळं ग्राफाइट बनवायचं, ते खोलीभर पसरलेल्या यंत्रात घालून त्यातले अणू भन्नाट वेगानं पळवायचे आणि मोठ्या चुंबकाच्या वळणावर जड-हलके निवडायचे. आम्हाला हवा असतो कार्बन-१४. तो किरणोत्सारी असतो आणि साध्या कार्बनच्या लाख कोटी अणूंमागे जेमतेम एक सापडतो. तो आम्ही एकेक करून मोजतो. पूर्वी यासाठी मूठभर वस्तू जाळावी लागे, आता तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पुरतो. हे सगळं मी अब्बांना दहा वेळा समजावलं आहे. पोरगी दिल्लीत काजळी मोजते, इतकंच ते गल्लीत सांगतात.

माझं डोकं लवकर तापतं. ते अब्बांवर गेलं आहे आणि अब्बांचं त्यांच्या वडिलांवर. आजोबांना, म्हणजे लाडलेसाहेबांना, मी पाहिलं नाही. अब्बांनाही ते धड आठवत नाहीत. त्रेसष्ट सालच्या जानेवारीत ते तापानं गेले तेव्हा अब्बा पाच वर्षांचे होते. मागं राहिली माझी आजी रहिमतबी, दोन लेकरं आणि माळ्यावर रचून ठेवलेले तंबोरे. आजी दोन-चार महिन्यांनी एक तंबोरा खाली काढायची आणि विकायची. अब्बांनी तेराव्या वर्षी स्वतः रंधा हातात धरला, तोवर त्या माळ्यानं घर चालवलं. आमच्या घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली की तिच्याकडे कुणी नीट बघेनासंच झालं. आठ वर्षं पुरतील एवढे तंबोरे मिरजेतल्या कुठल्या माळ्यावर मावतात, हे मी शास्त्रज्ञ असूनही कधी विचारलं नाही.

त्या माळ्यावरचा एक तंबोरा साताऱ्याला गेला होता. हंबीरराव नावाचे गाणं शिकवणारे गुरुजी होते, त्यांनी तो सहासष्ट साली नेला. पुढं अब्बा हाताशी आल्यावर दरवर्षी गणपती झाले की ते तंबोरा घेऊन एसटीनं मिरजेला यायचे, अब्बांकडून जवारी लावून घ्यायचे, म्हणजे तारांखालची घोडी घासून तारांची गुंज खुलवून घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी परतायचे. गुरुजी गेल्यावर त्यांच्या मुलीनं तंबोरा आमच्या दारात आणून ठेवला आणि आता हा तुमचाच, म्हणाली. अब्बांनी तो दुकानात कपाटावर ठेवला. आत लाडलेसाहेबांच्या नावाची छापील चिठ्ठी डकवलेली होती. अब्बांच्या जन्माच्या वर्षी, अठ्ठावन्न साली, तो केला असं आजी सांगायची.

अब्बांनी आयुष्यभर स्वतःला या तंबोऱ्याच्या मापानं मोजलं. गुरुजी आले की, आणि तो दुकानात आल्यावर तर दर वेळी, आपला नवा तंबोरा त्याच्या शेजारी ठेवून दोन्ही छेडायचे, ऐकायचे, आणि मग नकारार्थी मान हलवायचे. गिऱ्हाईक खूश, गायक खूश, पण अब्बांची मान हललेली. त्यांना शिकवायला कुणी नव्हतं. दुसऱ्यांच्या दुकानांत डोकावून आणि आपल्या बापाचे तंबोरे उलटेपालटे करून ते शिकले. "बापाचा हात माझ्यात उतरला न्हाई," असं ते म्हणायचे, तेव्हा मला फार राग यायचा. कारण अब्बांचे तंबोरे खरोखर उत्तम आहेत.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका वाद्यसंग्रहालयातून प्रियदर्शनी नावाच्या बाई आल्या. त्यांना तो तंबोरा प्रदर्शनात ठेवायचा होता. खाली पाटी लागणार होती : बनवणाऱ्याचं नाव आणि साल. सालाला काही पुरावा आहे का, असं त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं. अब्बांचा चेहरा उतरला. मी तेव्हा सुटीवर घरी होते आणि माझ्यातली खुमखुमी उसळली. पुरावा मी देते, म्हणाले. बाजारातली मेथी तपासून द्यावी तशा थाटात म्हणाले.

गोष्ट तशी सोपी होती. पन्नाशीच्या दशकात आणि साठीच्या सुरुवातीला मोठ्या देशांनी उघड्यावर अणुबॉम्ब फोडून पाहिले. त्यानं जगभरच्या हवेत कार्बन-१४ वाढत गेला. त्रेसष्टनंतर दोन-तीन वर्षांत तो दीडपटीच्याही पुढं गेला आणि उघड्यावरच्या चाचण्या थांबल्यावर सावकाश उतरत आला. तंबोऱ्याचा भोपळा सोलापूरकडून, भीमेच्या काठावरून येतो. वेल एका हंगामात वाढतो आणि वाळतो, त्यामुळे त्या एका हंगामाची हवा भोपळ्यात जशीच्या तशी राहते. अठ्ठावन्नच्या भोपळ्यात नेहमीपेक्षा पाच-दहा टक्के जास्त कार्बन-१४ सापडायला हवा. तेवढा सापडला की पाटीवर आजोबांचं नाव पुराव्यासकट लागणार आणि अब्बांच्या डोळ्यात पाणी येणार. एवढं सगळं मी मनात आधीच रंगवून ठेवलं होतं.

भोपळ्याच्या मागच्या बाजूनं, तारा अडकवतात तिथून, अब्बांनी नखाएवढा तुकडा काढून कागदात बांधून दिला. मी तो दिल्लीला नेला, नेहमीच्या द्रावणांनी धुतला, जाळला आणि मोजला. आकडा आला बत्तीस टक्के जास्त.

मी यंत्र पुन्हा तपासलं. सोबत लावलेले ठाऊक वयाचे नमुने बरोबर उत्तर देत होते, फक्त आमच्या घरचा नमुना देत नव्हता. आजोबा गेले तेव्हासुद्धा हवेत इतकं प्रमाण नव्हतं. मी अब्बांना फोन लावला आणि तुकड्याला काही लावलं होतं का, असं विचारलं. ते जरा घुश्शातच म्हणाले की तुकडा काढताना मधोमध दुभंगला, मग तो तसाच कसा देणार, पांढऱ्या गोंदानं चिकटवून दिला. सांधा त्यांनी इतका बारीक बसवला होता की मला भिंगाखालीही दिसला नव्हता.

मी फोनवर बरंच बोलले. जगात कुणी नमुना दुरुस्त करून पाठवत नाही, असंही बोलले. अब्बांनी ऐकून घेतलं आणि उलट खूश झाले. त्यांच्या मते घोळ गोंदानं केला होता आणि भोपळा निर्दोष होता. मला मात्र उलटंच दिसत होतं. तो गोंद खनिज तेलापासून करतात आणि त्यात कार्बन-१४ जवळजवळ नसतोच. तो मिसळला तर आकडा खाली उतरतो, वर चढत नाही. म्हणजे भोपळ्याचा खरा आकडा बत्तीसपेक्षाही मोठा होता. हे मी त्यांना सांगितलं नाही. नवा तुकडा घ्यायला मी स्वतः येते, एवढंच म्हणाले.

इथं समोरच्या दुकानाबद्दल सांगायला हवं.

गल्लीत आमच्या बरोबर समोर दस्तगीर यांचं दुकान. दस्तगीर आणि माझे आजोबा एकाच उस्तादाकडे शिकले. एकदा भीमेकाठाहून भोपळ्यांची गाडी आली आणि दोघांनी एकाच भोपळ्याला हात घातला. मी आधी, तू आधी, करता करता भोपळा दोघांच्या मधे पडून फुटला. त्या दिवसापासून बोलणं बंद. ना एकमेकांच्या लग्नाला, ना ईदेला. अब्बांना वारसा म्हणून दुकान, सहा रंधे आणि हे भांडण मिळालं आणि त्यांनी तिन्ही नीट सांभाळलं. दस्तगीर पुढं म्हातारे होऊन वारले. त्यांच्या बायकोचं, जैतुनबींचं, वय आता पंचाऐंशीच्या पुढं आहे. त्या रोज दुकानाच्या ओट्यावर बसतात आणि अब्बा रोज त्यांच्यासमोरून मान ताठ ठेवून जातात. त्यांचा नातू अश्फाक माझ्या वर्गात होता. आम्ही शाळेत बोलायचो आणि गल्लीत शिरलो की गप्प व्हायचो.

मी मिरजेला पोचले तेव्हा अब्बांनी पातं गरम करायला ठेवलंच होतं. यावेळी तुकडा आतून द्यायचा असं त्यांनीच ठरवलं होतं, म्हणजे पॉलिश नाही, गोंद नाही, भानगड नाही. त्यासाठी भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी तबली उघडावी लागणार होती. बापाचं काम म्हणून त्यांनी ती आजवर कधी उघडली नव्हती. गरम पातं सांध्यात सरकवत त्यांनी ती अलगद सोडवली, बॅटरी लावली आणि आत पाहिलं.

बराच वेळ ते आतच पाहत राहिले. मी काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, जाळी लागलीय कोळ्याची. मग त्यांनी पटाशीनं आतून एक तुकडा काढला. काढताना तो दुभंगला. दोन्ही अर्धे त्यांनी तसेच कागदावर ठेवले आणि पुडी माझ्या हातात दिली. माझ्या उभ्या आयुष्यात अब्बांनी मला दिलेली ती पहिली तुटकी वस्तू होती. मी शास्त्रज्ञ, पण त्याचा अर्थ न विचारता पुडी पिशवीत टाकली आणि गाडी पकडायला धावले.

या वेळी आकडा आला एकावन्न टक्के जास्त.

असा आकडा आला की त्याला दोन उत्तरं असतात, कारण हवेतला कार्बन-१४ चढताना एकदा त्या उंचीवरून गेला आणि उतरताना पुन्हा एकदा. आमच्या भोपळ्याची दोन उत्तरं होती : चौसष्ट किंवा सत्तरच्या आसपास. गुरुजींनी तंबोरा सहासष्टला नेला होता, म्हणजे चौसष्टच. पण ते बघायचीही गरज नव्हती. दोन्हींपैकी कुठल्याही सालात आजोबा जिवंत नव्हते. हा भोपळा वेलावर लागला तेव्हा त्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं.

मी त्या यंत्रासमोर बसून रडले. राग स्वतःचाच आला होता. एक म्हातारा माणूस साठ वर्षं एका वस्तूकडे बघून बापाची आठवण काढत होता, आणि मला कुणी सांगितलं नसताना मी त्याचा बाप त्या वस्तूतून काढून घेतला होता. निजामुद्दीनहून मिरजेपर्यंतच्या प्रवासात मी एक खोटं रचलं. तंबोरा आजोबांचाच, फक्त भोपळा नंतर कुणीतरी बदलला असणार. हे अशक्य नव्हतं. प्रियदर्शनीबाईंनाही ते पटलं असतं.

दुपारी जेवण झाल्यावर अब्बांना मी हे सांगितलं. त्यांनी दरम्यान तबली परत बसवून टाकली होती. तंबोरा मांडीवर घेऊन त्यांनी दांडी आणि भोपळा जिथं जुळतात तिथं अंगठा फिरवला.

"भोपळा बदललेला न्हाई," ते म्हणाले. "हा सांधा एकदाच बसलाय. मी मागल्या खेपेलाच बघितलं."

"असं कसं खात्रीनं सांगता?"

"आत तागाची पट्टी हाय."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. सांधा बळकट व्हावा म्हणून आतून कापडाची पट्टी डकवतात. आमच्या दुकानात आजोबांपासून सुती पट्टी लावतात. तागाची पट्टी गल्लीत एकाच दुकानात लावायचे. अब्बांनी नाव घेतलं नाही, फक्त उंबऱ्याबाहेर पाहिलं. समोर जैतुनबी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या.

हे तेव्हाच का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"तुझा आकडा यायचा हुता," अब्बा म्हणाले. "म्हटलं, माझे डोळे म्हातारे झाल्यात. मशीन तरी माझ्या बाजूनं बोलंल."

माझं रचलेलं खोटं तिथंच संपलं. अब्बांना हवं असतं तर त्यांनी ते झेललं असतं, पाटीवर आजोबांचं नाव लागलं असतं, कुणाला कधी कळलंही नसतं. पण सांध्याबद्दल खोटं बोलणं अब्बांना जमत नाही. ते बोटांवर काहीतरी मोजू लागले. आठ वर्षं, वर्षाला तीन, कधी चार. मग त्यांनी वर, माळ्याकडं पाहिलं. तिथं आता अम्मीच्या गाद्या आहेत आणि त्या सहा गाद्यांनी माळा भरला आहे.

"एवढे तंबोरे हितं मावत्यात व्हय गं?" त्यांनी मला विचारलं.

दुपार कलली, असरची नमाज झाली. अब्बांनी धुतलेला सदरा घातला, तंबोरा उचलला आणि गल्ली ओलांडली. ती गल्ली अकरा पावलांची आहे. शेजारच्या दुकानातल्या कानशींचा आवाज थांबला, कारण दिलावरचाचांना त्या दारात गेलेलं कुणीच पाहिलं नव्हतं. मी मागोमाग गेले. अश्फाक उठून उभा राहिला आणि काय करावं न सुचल्यानं स्टूल पुसू लागला.

अब्बांनी जैतुनबींना सलाम केला. तंबोरा त्यांच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "चाची, हा कुणी केला?"

जैतुनबींनी तांदळाचं ताट बाजूला सारलं. तंबोऱ्याकडे पाहिलं, मग अब्बांकडे. मला वाटलं, त्या नाही म्हणतील. पण त्यांनी आधी अश्फाकला चहा सांगायला लावला आणि मग बोलायला सुरुवात केली.

लाडलेसाहेबांचा चाळिसावा दिवस झाल्यावर रहिमतबीनं हत्यारं विकायला काढली होती. हे दस्तगीरांच्या कानावर आलं. ते दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बायकोला म्हणाले, रहिमतबीकडे लाडल्याच्या नावाच्या छापील चिठ्ठ्या उरल्या असतील, त्या मागून आण. जैतुनबींनी त्या आणल्या आणि दस्तगीर आपल्या हातच्या तंबोऱ्यांत त्या डकवू लागले. त्यानंतर दर दोन-चार महिन्यांनी, शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेला गल्लीतले सगळे पुरुष मशिदीत गेले की त्या एक तंबोरा वाकळेत गुंडाळून मागच्या दारानं आमच्या घरी पोचवायच्या. भांडण पुरुषांचं होतं. बायकांची मागची दारं कधीच बंद झाली नव्हती. रहिमतबी तंबोरा माळ्यावर चढवायची आणि गिऱ्हाईक आलं की खाली काढायची. आठ वर्षं हे चाललं. दोघींनी कुराणावर हात ठेवून शपथ घेतली होती की दिलावरला कधी कळू द्यायचं नाही.

"का?" अब्बांनी विचारलं.

"कुणाच्या घरचं खातोय ते पोराला कळलं तर पोरगं मान खाली घालून वाढंल, आसं ते म्हणायचे," जैतुनबी म्हणाल्या. "तू मान ताठ ठिवून म्होरनं जायचास. ते हितं बसून हसायचे. म्हणायचे, बघ, हुबेहूब लाडल्या."

अब्बा खाली बघत होते. चहा आला, पण कुणी कपाला हात लावला नाही.

मग त्यांनी ते विचारलं जे त्यांना खरं विचारायचं होतं. दस्तगीरांच्या स्वतःच्या नावाचे तंबोरे अब्बांनी पाहिले होते, दुरुस्तही केले होते. चांगले होते. पण ते या तंबोऱ्यासारखे नव्हते. हा कुणासारखाच नव्हता.

जैतुनबी म्हणाल्या, या चिठ्ठीचा तंबोरा करायला ते दुप्पट वेळ घ्यायचे. त्या रागवायच्या, घरचं काम पडलंय म्हणून. तेव्हा ते जे म्हणायचे ते त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं.

"म्हणायचे, माझ्या नावाचा तंबोरा बिघडला तर मी गिऱ्हाइकाची माफी मागीन. ह्याच्या नावाचा बिघडला तर माफी मागायला तो कुठनं येणार?"

मी दिल्लीला अणू मोजते. लाख कोटींतून एक शोधून काढायचं माझं काम आहे आणि ते मी चांगलं करते. पण त्या दुकानात उभी असताना मला वाटलं की मी आजवर जे काही मोजलं त्यात इतकं दुर्मीळ काही माझ्या हाती लागलं नव्हतं. माझं शिक्षण, माझी नोकरी, माझी अरेरावी, सगळं त्या वाकळेत गुंडाळून मागच्या दारानं आलेलं होतं. आणि ते देणाऱ्या माणसाचं नाव मी आयुष्यभर फक्त भांडणातच ऐकलं होतं. मला त्यांचे आभार मानायचे होते आणि ते जाऊन तीस वर्षं झाली होती.

अब्बा जैतुनबींच्या पायाशी ओट्यावर बसले.

"चाची, मी तुमच्या घरचं खाऊन वाढलो," ते म्हणाले. "आन तुमाला कवा सलामबी केला न्हाई."

"केला न्हाईस तेच बरं," त्या म्हणाल्या. "त्यांना तेच पायजे हुतं."

अब्बांनी तिथूनच मला प्रियदर्शनीबाईंना फोन लावायला सांगितला. बनवणाऱ्याच्या जागी दस्तगीर लिहा, असं त्यांनी सांगितलं. आतली चिठ्ठी तशीच राहू दे, आणि ती तिथं का आहे हे पाटीवर खाली लिहा, जागा लागली तर मोठी पाटी करा. जैतुनबी हात हलवून नको नको म्हणत होत्या. रहिमतबीला दिलेला शब्द आहे, म्हणत होत्या. अब्बांनी फोन कानापासून दूर धरला.

"शब्द मला कळू न द्यायचा हुता," ते म्हणाले. "मला कळलं. तुमचा शब्द तुमी पुरा पाळला. आता माझी पाळी."

त्यांचा हलणारा हात थांबला. मग तंबोऱ्याच्या खुंट्यांकडे बोट करून त्यांनी विचारलं, तारा का नाहीत. अब्बा म्हणाले, तबली उघडली होती, अजून चढवल्या नाहीत. तेव्हा त्या म्हणाल्या की या चिठ्ठीचा एकही तंबोरा आपण या दुकानात तारांसकट पाहिलेला नाही. समोर आवाज गेला असता तर गल्लीनं विचारलं असतं, हा कुणाचा वाजतोय. म्हणून दस्तगीर तारा न चढवताच तंबोरा वाकळेत द्यायचे. आपला सगळ्यात चांगला तंबोरा वाजतो कसा, हे त्यांनी कधी मांडीवर घेऊन ऐकलंच नाही, गल्लीपलीकडून कानावर पडलं असेल तेवढंच.

अश्फाक न सांगता उठला आणि तारांची गुंडी घेऊन आला. अब्बांनी दस्तगीरांच्या दुकानात, दस्तगीरांच्या जागेवर बसून चार तारा चढवल्या. घोडी बसवली, तारांखाली दोरा सरकवून जवारी खुलवली. अर्धा तास गेला. तेवढ्यात गल्लीतली निम्मी माणसं ओट्याखाली येऊन उभी राहिली होती. अम्मीही डोक्यावर पदर घेऊन आली होती.

अब्बांनी तंबोरा छेडला. दुकान भरून गेलं. ते डोळे मिटून छेडत राहिले आणि या वेळी त्यांची मान हलली नाही. जैतुनबीही डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. थोड्या वेळानं त्यांनी डोळे न उघडता बोट वर केलं.

"पंचम उतरलाय रं पोरा."

मिरजेत अब्बांना असं सांगायची कुणाची टाप नाही. अब्बांनी हात थांबवला, पंचमाच्या तारेला कान लावला आणि मुकाट्यानं खुंटी पिळली. मग त्यांनी जैतुनबींकडे बघितलं, आता बरोबर आहे का, असं. अडुसष्ट वर्षांच्या माझ्या बापाला चूक दाखवणारं वडीलधारं माणूस या धंद्यात कधी मिळालंच नव्हतं. ते हसत होते.